वकट, लेंड, मूंड

तुम्ही पोरांना भ्यालात. झालं ते एवढंच, बाकी सगळं तुम्ही मागाहून त्यावर गुंडाळलेलं फडकं. तुमच्याकडं घोडे होते, बंदुका होत्या, फर्मानं होती, फर्मानावर उठवायला शिक्के होते. आणि धाराशिवातल्या एका गल्लीत, शाळेमागच्या उकिरड्यालगतच्या मोकळ्या जागेत, ज्यांना अजून धड शेंबूड पुसता येत नव्हता अशी पोरं खेळता खेळता ओरडली, ते ऐकून तुमच्या अंगावर काटा आला. भीती कुणालाही वाटते. बाप्यामाणसाला भ्यावं, वाघाला भ्यावं, देवीच्या साथीला भ्यावं. तुम्ही पोरांना भ्यालात, आणि पोरांना भ्यालेला माणूस जे करतो तेच केलंत. म्हाताऱ्याला धरलंत.

त्या म्हाताऱ्याला, लिंबाजीला, नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि वर्गातलं एकही पोरगं उठलं नाही. जलील मास्तर फळ्याकडं तोंड करून उभे होते. घंटा झाली की मागं गलका उठायचा, पाट्या आदळायच्या, कुणीतरी कुणाच्यातरी पायावर पाय द्यायचा. तो गलका ऐकायची मास्तरांच्या पाठीला सवय होती. ते मुद्दाम वळायचे नाहीत. पोरं दारातून बाहेर सांडेपर्यंत खडू हातात धरून तसेच राहायचे, आणि दिवसातलं तेवढंच एक सुख ते पाठीनं घ्यायचे. आज पाठीला काहीच लागलं नाही. त्यांनी वळून बघितलं. सगळी पोरं मांडी घालून बसलेली, हात गुडघ्यांवर, डोळे समोर. अशी शिस्त असावी म्हणून वरून किती कागद यायचे. आता ती आली होती आणि मास्तरांनी खडू खाली ठेवला. "जाव ना रे," ते म्हणाले, "छुट्टी झाली." पुढच्या रांगेतला बलभीम, ज्याला एरवी बसवून ठेवायचं म्हणजे खुंट्याला बांधायची पाळी यायची, तो जमिनीकडं बघत म्हणाला, "भायर नको, मास्तर." "का रे?" "आई म्हणली, भायर गेलं की इचारत्यात." मास्तरांची नजर भिंतीकडच्या रांगेत गेली. गोरोबा तिथंच होता, लिंबाजीचा नातू, सात वर्षांचं पोरगं. पाटी त्यानं छातीशी उभी धरली होती, दार लावून घ्यावं तशी.

जलील मास्तर काही मोठे सुधारक नव्हते. सास्तूरच्या पिंजाऱ्याचं पोर. कापूस पिंजता पिंजता बापाला वाटलं याला चार अक्षरं यावीत, ती आली, आणि त्या अक्षरांच्या जोरावर धाराशिवात मास्तरकी मिळाली. शाळा सरकारी, शिकवायचं उर्दूत. पोरं घरून मराठी घेऊन यायची आणि ती उंबऱ्याबाहेर चपलेसारखी काढून ठेवायची. नव्या पोरांना पहिलं वाक्य शिकवायचं ते परवानगी मागायचं, आणि ते येईपर्यंत पोरं बसल्या जागी ओली व्हायची. फरशीवर ओघळ यायचा, पोरगं मान खाली घालून बसायचं, शेजारचं पोरगं सरकायचं. मास्तरांना तो वास वर्षानुवर्षं झोपेतसुद्धा यायचा, कारण त्यात त्यांचा स्वतःचाही वास होता, सास्तूरच्या शाळेतला. म्हणून त्यांनी काय केलं, तर मधली सुट्टी लांबवली. कुणाला विचारलं नाही. पोरं धुरळ्यात लोळून, घामाघूम होऊन आत आली की त्यांची जीभ सुटायची हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. सकाळी ज्या शब्दावर पोरगं अडकून डोळ्यांत पाणी आणायचं, तोच शब्द खेळून आल्यावर हसत म्हणून टाकायचं. असं का होतं हे त्यांना सांगता आलं नसतं. हेडमास्तर टोमणा मारायचे, "जलीलमियां, मदरसा चलाते की जत्रा?" मास्तर म्हणायचे, "जत्रेत पोरं रडत नाहीत, साहेब." हेडमास्तर हसून पान लावायला लागायचे. दिवस तसे होते तोवर.

आणि लिंबाजी. पोरगा सोलापूरच्या गिरणीत, सून धुरपदाबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला, स्वतःचे गुडघे गेलेले म्हणून शेत बटईनं दिलेलं. म्हातारा नातवाला शाळेत सोडायला यायचा तो परत जायचाच नाही. आधी लिंबाखाली बसायचा. मग दांडू हातात घेऊन, "जरा बगू दे" म्हणायचा. मग रोज खेळायलाच लागला, आणि खेळायचा म्हणजे पोरांचं मन राखायला नाही. हरला की भांडायचा. "आज्जा, तुमी बाद," बलभीम कमरेवर हात ठेवून सांगायचा. "बाद कसा? विटी भुईला लागली." "न्हाय लागली." "तुझ्या आईला इचार." "आई घरी हाय." "म्हणूनच म्हणतो तिला इचार." पोरं लोळून हसायची. पण त्या म्हाताऱ्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. रडणाऱ्या पोराला तो गल, म्हणजे विटीचा खड्डा, खणायच्या कामाला लावायचा, मातीत हात गेला की रडू थांबतं म्हणायचा. खोकला झालेल्याला पंच करायचा. सुट्टी संपता संपता मास्तरांजवळ येऊन हळूच सांगायचा, "त्ये कोपऱ्यातलं पोरगं आज पाय वढत पळतंय. घरी चूल पेटली नसंल." मास्तर आपल्या फडक्यातली भाकरी त्या पोराच्या पाटीखाली सरकवायचे. दोघांपैकी कुणीही याला काही नाव दिलं नव्हतं.

दांडूनं अंतर मोजायचं ते ठरलेल्या शब्दांनी. वकट, लेंड, मूंड, नाल, आयद, आर, झक्कू. वकटीला विटी पायाच्या पंजावर ठेवून उडवायची, मूंड आली की मुठीवर. पोरांना घरी एक मोजणी होती, एक दोन तीन. शाळेत दुसरी, एक दो तीन, ती चुकली की छडी. आणि ही तिसरी, जिचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, जी कुणी कधी पाटीवर लिहिली नव्हती, जिच्यात चुकलं तर फार तर डाव जायचा. गोरोबा शाळेच्या आकड्यांत हमखास अडखळायचा. मैदानात मात्र त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. मास्तर वर्गाच्या दारात उभे राहून ऐकायचे आणि त्यांना वाटायचं, या पोराला आकडे येतात, फक्त ते आकडे आपल्याकडं नाहीत.

त्या साली सरहद्दीपलीकडं, बार्शीत, गोऱ्यांचा झेंडा उतरून नवा चढला होता. अलीकडं, संस्थानात, जुनाच होता. अलीकडं सगळेच एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलत. तुमचा नवा साहेब त्याच सुमाराला आला, तिकडून तेलंगणातून बदली होऊन. तिकडं खेडीच्या खेडी बंड करून उठली होती, देशमुखांच्या गढ्या पेटत होत्या, आणि साहेबाला झोपेत दचकायची सवय लागली होती असं त्याचा नोकरच बाजारात सांगत फिरायचा. साहेब घोड्यावरून गल्लीतून चालला होता. शाळेमागून आवाज आला. मूंड, नाल, आयद. घोडा थांबला. मास्तरांनी दारातून बघितलं तेव्हा साहेबाचा चेहरा रागावलेला नव्हता, हे त्यांना पुढं पुन्हा पुन्हा आठवायचं. तो आजारी दिसत होता. ज्या आकड्यांना तो भिऊन इतक्या लांब आला होता, ते त्याच्या आधी इथं येऊन पोरांच्या तोंडात बसले होते. ओकटी, रेंडू, मूडू. धाराशिवातली मराठी पोरं तेलुगूत मोजत होती.

साहेब खाली उतरला. "इधर आ बेटा," त्यानं गोरोबाला बोलावलं, मायेनं बोलावलं. "क्या गिन रहा था?" मोठ्या माणसानं विचारलं की मान वर करून, खरं आणि मोठ्यानं सांगायचं, हे मास्तरांनीच शिकवलं होतं. गोरोबानं हात बांधले. "वकट, लेंड, मूंड, जनाब." "कौन सिखाया?" "आज्ज्यानं, जनाब." आणि बोट केलं. लिंबाजी दांडू घेऊन लिंबाखाली उभा होता. त्याला साहेबाची भाषा पुरती कळत नव्हती, पण नातवाचं कौतुक चाललंय एवढं कळलं, आणि म्हातारा फुलला. "व्हय सायेब, म्याच. हितल्या समद्या पोरांस्नी म्याच तयार केलंय." तयार. हा शब्द दोन्हीकडं एकच. लिंबाजीच्या तोंडून निघाला तेव्हा त्याचा अर्थ होता तालमीतला, आंब्याच्या अढीतला, पोरं खेळात पक्की केली असा. साहेबाच्या कानात पोचला तेव्हा त्याला कुऱ्हाडीचं पातं लागलेलं होतं.

मास्तर धावत गेले. गेले, हे इथं लिहून ठेवायला पाहिजे, कारण नंतर गल्लीत वेगळंच बोललं गेलं. "हुजूर, खेल है ये," ते म्हणाले. "बूढ़ा कभी तुलजापुर के आगे नहीं गया. मैं खुद बचपन में यही गिनता था, सास्तूर में." साहेबानं त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. टोपी, शेरवानी, खडूनं पांढरी झालेली बोटं. "अच्छा," साहेब म्हणाला, "और आपको कौन सिखाया?" मास्तर आठवायला लागले. "याद करके बताइए," साहेब म्हणाला, आणि लिंबाजीला घेऊन गेला. म्हातारा जाताना पोरांना सांगत होता, "माझा डाव ऱ्हाऊ द्या रं, आलोच."

कौन सिखाया. तो प्रश्न मास्तरांच्या डोक्यात किडा शिरावा तसा शिरला. फळ्यावर हिशेब लिहिताना, नमाजाआधी वजू करताना, जेवताना. फरिदाबी, त्यांची बायको, म्हणायची, "निवाला हात में ले के किधर गए जी तुमे?" ते सास्तूरला गेलेले असायचे. बापाची कमान टणत्कार करत असायची, पहाटेपासून, ढगासारखा कापूस उडत असायचा, नाकात, पापण्यांवर, अम्मा कुलसुमबीच्या कालवणात. तो आवाज मागं टाकत ते पळत ओढ्याकडं जायचे. तिथं कल्याणप्पा असायचा, वाण्याचा पोरगा, घरी कानडी बोलणारा, त्याचे आकडे आणखीच वेगळे. त्यानं शिकवलं? पण कल्याणप्पाही खेळात वकटच म्हणायचा. त्याच्या थोरल्या भावानं? थोरल्याला कुणी? मास्तर मागं मागं जात राहायचे आणि प्रत्येक पोराच्या मागं एक पोर उभं असायचं, धुळीनं भरलेलं, ओरडत, आणि त्याच्या मागं आणखी एक. मोठं माणूस एकही दिसायचं नाही. आणि मग एके दिवशी, मुलं पाढे म्हणत असताना, त्यांना ओढ्यापलीकडची पालं दिसली. वडारांची. गाढवं, पहारी, फोडलेल्या दगडाचा करपट वास, आणि उघडीनागडी पोरं, जी घरात तेलुगू बोलायची आणि गावातल्या पोरांशी फक्त खेळायची, कारण बाकी कशाला त्यांना कुणी जवळ घेत नव्हतं. त्यांच्यापासूनच आलं असेल का? कदाचित. किंवा त्यांच्या आज्यापणज्यांपासून. उत्तर मिळालं होतं, आणि ते उत्तर दिलं तर दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातली सगळी पालं उठवून वडारांच्या पाठी सोलल्या जातील हे त्यांना लख्ख कळत होतं. त्यांनी ते उत्तर गिळलं. ज्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की माणूस मरतो, तो प्रश्न विचारणाऱ्याला तुम्ही साहेब म्हणता.

वरून कागद आला. मधली सुट्टी बंद, खेळ बंद, त्या वेळात कवायत. पोरांनी कवायत उत्तम केली. चप-रास्त, चप-रास्त, डावा-उजवा, एका तालात, धुरळासुद्धा शिस्तीत उडायचा. तपासणीला आलेले अधिकारी खूष झाले. हेडमास्तरांनी पान पुढं केलं. मास्तर पोरांच्या पायांकडं बघत होते. कोण पाय ओढतंय, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे कवायतीत कळत नाही. कवायतीत सगळेच पोट भरल्यासारखे चालतात. वर्गात पुन्हा तो ओघळ दिसायला लागला. आता मोठी पोरंही बसल्या जागी ओली व्हायची. गोरोबा बोलायचा बंद झालाच होता. हजेरीला हात वर करायचा. आकडे मोजायला उभं केलं की ओठ 'एक'पुरते हलायचे आणि तिथंच राहायचे, पुढचा आकडा कुणाला तरी दाखवून देईल अशी धास्ती घेतल्यासारखे.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मास्तरांनी पाचसहा पोरांना मागं ठेवून घेतलं. दार लोटलं. वर्गातच शेरवानी काढून खुंटीला अडकवली, पायजमा खोचला. "लंगडी," ते म्हणाले. "इसमें गिनने का कामच नाही." आणि चाळिशीतला तो माणूस एका पायावर उड्या मारायला लागला. पोरं भिंतीला चिकटून उभी. मास्तर त्यांच्याकडं उडत गेले, हात लांब केला, पोरांनी पळायचं होतं, पोरं पळाली नाहीत. मास्तरांचा हात बलभीमच्या खांद्याला लागला आणि तो डोळे मिटून आक्रसला, जणू मार बसणार. मास्तरांना धाप लागली होती. मारणारा हात आणि शिवणारा हात यांतला फरक पोरं विसरली होती, इतक्या थोड्या दिवसांत. ते तरी उडत राहिले. टोपी पडली. बलभीम फिसकन हसला आणि लगेच दोन्ही हातांनी त्यानं ते हसू दाबलं. मास्तर आशेनं गोरोबाकडं वळले. गोरोबा त्यांच्याकडं बघत होता, आणि त्या नजरेत दया होती. सात वर्षांच्या पोराच्या नजरेतली दया सोसणारा माणूस अजून जन्मायचाय. मास्तरांनी पाय खाली टेकला.

दुसऱ्या दिवशी ते तुमच्या कचेरीत आले. फरिदाबी दारात आडवी झाली होती. "तुमना क्या पड़ी? हिंदूवां तुमे पकड़ाए बोलते, सरकारवाले तुमना उनका बोलते. किसके हो जी तुम?" "इयत्ता पहिलीचा," मास्तर म्हणाले. तिला हसू आलं नाही. तुम्ही त्यांना बाकावर बसवून ठेवलंत. ऊन बाकावरून सरकून भिंतीवर चढलं. मग तुमच्या कारकुनानं मान वर केली. "लिंबाजी? इस नाम का आदमी इधर लायाच नहीं गया." "मैं खुद देखा," मास्तर म्हणाले. "मेरे मदरसे से ले गए." "तो गवाही देते? नाम लिखवाव." ही धमकी होती, मास्तरांना कळलं. "लिखो," ते म्हणाले, "जलील, वल्द मदारसाब पिंजारी." कारकुनानं टाक दौतीत बुडवला, निथळला, आणि बाजूला ठेवला. लिहिलं काहीच नाही. माणूस जिवाची पर्वा सोडून आपलं नाव देतो आणि ते घ्यायलासुद्धा कुणी तयार नसतं, याहून पोकळ आवाज मास्तरांनी कधी ऐकला नव्हता.

तिथून ते सरळ गोरोबाच्या घरी गेले. धुरपदाबाई रानातून येऊन उंबऱ्यात बसली होती, पुढ्यात कोमेजलेली भाजी. शेजारची तुळजाबाई भिंतीला टेकून उभी होती. धुरपदाबाईनं पदर पुढं ओढला. "आता कशाला आलाव? आणखी कुणी ऱ्हायलंय का घरात न्यायाजोगं?" "आगं, मास्तर हायत ते," तुळजाबाई म्हणाली. "हायत की. सायबासंगं सायबाच्याच भाषेत बोलत व्हते, समद्या गल्लीनं आयकलं." मास्तरांना सांगायचं होतं की त्या भाषेत मी म्हाताऱ्याला सोडा म्हणत होतो. सांगून उपयोग नव्हता. कानावर पडलेला सूर तिला पुरे झाला होता. ते एवढंच म्हणाले, "बाई, मी विचारून आलो. ते म्हणतात, असा माणूस आणलाच नाही." "आणलाच न्हाय?" धुरपदाबाईचा आवाज अगदी साधा निघाला. "मग कुठं गेले मामंजी?" तुळजाबाई तोंडाला पदर लावून आत गेली. आणि तेव्हा आतल्या अंधारातून गोरोबा दारात आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तोंड उघडलं. आवाज घोगरा झाला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मान वर करून, हात बांधून, शिकवल्याप्रमाणं त्यानं विचारलं, "मास्तर, असा माणूसच न्हाय, तर म्या बोट कुणाकडं केलं?"

मास्तरांना उत्तर आलं नाही. ते तिथंच, त्या मातीत बसले. हे लिहिणाऱ्या मलाही येतं असं मी म्हणणार नाही. तुम्हाला मात्र येतं. म्हातारा कुठं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, जिवंत असेल तर कुठल्या भिंतीआड आणि मेला असेल तर कुठल्या मातीत. ते पोरगं अजून दारात उभं आहे, हात बांधून. कारकुनाला पाठवू नका, कागद पाठवू नका. स्वतः या, त्याच्यासमोर उभे राहा, आणि त्याला कळेल अशा भाषेत सांगा. त्यानं बोट कुणाकडं केलं?